केगपासून ग्लासापर्यंत : ड्राफ्ट बीअरची यंत्रणा आणि मराठवाड्याचा उन्हाळा

ड्राफ्ट बीअर म्हणजे बाटलीत किंवा कॅनमध्ये न भरता पोलादी केगमध्ये साठवलेली आणि वायूच्या दाबाने नळातून थेट ग्लासात येणारी बीअर. ती वाढणाऱ्या यंत्रणेत मोजके भाग असतात : थंड ठेवलेला केग, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, केगच्या तोंडावर बसणारा कपलर, बीअरची नळी आणि शेवटी टॅप. यांपैकी एकही भाग गुंतागुंतीचा नाही. अवघड असतो तो त्यांचा मेळ. बीअरचे तापमान, वायूचा दाब आणि नळीचा अडथळा या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या, की ग्लासात स्वच्छ बीअर आणि वर दोनेक सेंटिमीटर फेस येतो. एक जरी चुकली, तरी टॅपमधून नुसता फेस येतो किंवा बीअर मिळमिळीत लागते.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा मेळ साधणे आणखी अवघड आहे. मे महिन्यात येथील पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर सहज जातो, आणि हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. ड्राफ्ट बीअर वाढायची असते ती ३ ते ४ अंशांना. म्हणजे उन्हाळ्यात दुकानाबाहेरच्या हवेत आणि केगमधल्या बीअरमध्ये जवळपास ४० अंशांचे अंतर राखावे लागते, तेही वीज जात-येत असताना.

महाराष्ट्रातील वाट

मराठवाड्यात बीअरनिर्मितीचे मोठे केंद्र म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूज औद्योगिक वसाहत आणि तिचा परिसर. कार्ल्सबर्ग आणि युनायटेड ब्रुअरीज यांसारख्या कंपन्यांची बीअर या भागात तयार होते. परभणी तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तरीही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातील परमिट रूममध्ये आणि बीअर शॉपीत बीअर सहसा ६५० मिलिलिटरच्या बाटलीतूनच मिळते. त्यामागचे कारण सरळ आहे. ५० लिटरच्या एका केगमध्ये साधारण ७७ बाटल्यांची बीअर मावते. केग कारखान्यापासून टॅपपर्यंत थंड राहिला पाहिजे आणि उघडल्यावर ठरावीक मुदतीत संपला पाहिजे. बाटली मात्र एकेक करून फ्रीजमधून काढता येते, आणि पाश्चरीकरण झालेले असल्यामुळे ती काही काळ थंडाव्याबाहेरही तग धरते.

ड्राफ्ट बीअरची गोडी महाराष्ट्रात वाढली ती पुणे आणि मुंबईत. पुण्यात २००९ मध्ये सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डूलाली’ सुरू केली. राज्यातील मायक्रोब्रुअरींची सुरुवात येथून झाली. मायक्रोब्रुअरीत बीअर त्याच इमारतीत तयार होते आणि पुष्कळदा टाकीतूनच टॅपवर येते, त्यामुळे केग लांबवर पाठवण्याचा प्रश्न उरत नाही. त्यानंतर काही वर्षांनी ‘गेटवे ब्रुइंग कंपनी’ने डोंबिवलीत बीअर तयार करून केगमधून मुंबईतील हॉटेलांना पुरवायला सुरुवात केली. येथे केग, गाडी, शीतगृह आणि टॅप ही संपूर्ण साखळी सांभाळावी लागते. परभणीत टॅप लावायचा, तर ही दुसरी वाटच धरावी लागेल.

मद्यविक्री महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. बीअरसाठी ग्राहकाचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. टॅपमधून बीअर वाढणाऱ्यालाही हाच कायदा लागू आहे.

केग आणि कपलर

केग हे स्टेनलेस स्टीलचे बंद पिंप असते. ५०, ३० आणि २० लिटर ही नेहमीची मापे. वरच्या बाजूला एकच तोंड असते आणि त्यात झडप बसवलेली असते. झडपेपासून एक सरळ नळी केगच्या तळापर्यंत गेलेली असते. बीअर तळातून उचलली जाते आणि वायू वरच्या मोकळ्या जागेत शिरतो. म्हणून केग उभाच ठेवावा लागतो. आडवा केला, तर नळीचे तोंड बीअरबाहेर येते आणि टॅपकडे वायू धावतो.

कपलर हा झडपेवर फिरवून बसवायचा जोड आहे. त्याला दोन वाटा असतात. बाजूच्या वाटेने वायू आत जातो, वरच्या वाटेने बीअर बाहेर पडते. कपलरची मूठ खाली दाबली, की दोन्ही वाटा एकाच वेळी उघडतात. मूठ वर केली, की केग पुन्हा बंद होतो आणि आतला दाब तसाच राहतो. वायूच्या वाटेत उलटा प्रवाह रोखणारी छोटी रबरी झडप असते. ती झिजली, तर सिलिंडरमधला दाब कमी होताच बीअर वायूच्या नळीत चढते आणि थेट रेग्युलेटर खराब करते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केगना वेगवेगळ्या घडणीचे कपलर लागतात, म्हणून नव्या कंपनीचा माल घेण्याआधी तोंड जुळते का हे पाहावे लागते.

सिलिंडर आणि रेग्युलेटर

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. २० अंशांना त्याचा दाब साधारण ५७ बार असतो. त्यातला वायू वापरला, की द्रवातून नवा वायू सुटतो आणि दाब जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे सिलिंडर संपत आला आहे की नाही हे दाबावरून कळत नाही. त्यासाठी तो वजनकाट्यावर ठेवावा लागतो.

या वायूचे क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश आहे. त्याच्या वर तो कितीही दाबला, तरी द्रव होत नाही. परभणीत मार्च ते जून या काळात दुपारी तापमान या रेषेच्या बरेच वर असते. अशा वेळी उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि तापमान वाढेल तसा दाब झपाट्याने चढतो. सिलिंडर गळ्यापर्यंत भरलेला असेल, तर दाब धोक्याच्या पातळीला पोहोचू शकतो. म्हणूनच उष्ण प्रदेशात सिलिंडरमध्ये वायू कमी भरतात आणि तोंडाशी सुरक्षा-चकती बसवतात. ठरावीक दाबापलीकडे ती चकती फुटते आणि वायू बाहेर पडतो. सिलिंडरचे नियमन गॅस सिलिंडर नियम २०१६ नुसार होते. ते काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. दुकानदाराने लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे : सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला असावा, आणि त्याच्या चाचणीची तारीख उलटून गेलेली नसावी.

सिलिंडरचा हा प्रचंड दाब बीअरवर सोडता येत नाही. रेग्युलेटर तो कमी करून साधारण ०.७ ते १ बार, म्हणजे १० ते १४ पीएसआयवर आणतो. त्यावर दोन मापके असतात. एक सिलिंडरमधला दाब दाखवते, दुसरे केगकडे जाणारा. पुढचे सगळे हिशेब या दुसऱ्या मापकावर चालतात.

हेन्रीचा नियम

बीअरमधला वायू आणि बाहेरचा दाब यांचे नाते इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेल्या नियमाने ठरते. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्यावरच्या त्या वायूच्या दाबाच्या समप्रमाणात असते, आणि तापमान वाढले की विरघळण्याची क्षमता घटते. गार सोड्याची बाटली उघडली तर हलकासा आवाज होतो, तापलेली उघडली तर ती उसळते, ते याच कारणाने.

सामान्य लागर बीअरमध्ये कार्बन डायऑक्साइड सुमारे २.५ आकारमान असतो. म्हणजे एक लिटर बीअरमध्ये साध्या दाबाला अडीच लिटर भरेल इतका वायू विरघळलेला असतो. वजनात तो लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम भरतो. तो बीअरमध्येच राहावा यासाठी ३.३ अंशांना साधारण ११ ते १२ पीएसआय दाब लागतो. हीच बीअर १० अंशांवर गेली, तर दाब १८ च्या आसपास न्यावा लागतो. ३० अंशांना तो ४० पीएसआयच्या वर जातो आणि ४० अंशांना ५० च्या पुढे. इतक्या दाबाने बीअर टॅपमधून सोडली, तर ग्लासात फेसाशिवाय काही पडत नाही. उन्हाळ्यात ‘फेस येतोय’ म्हणून दाब कमी करण्याकडे कल असतो. पण दाब कमी केला, की बीअरमधला वायू नळीतच सुटू लागतो, फेस आणखी वाढतो आणि राहिलेली बीअर हळूहळू मिळमिळीत होते. खरा दोष तापमानात असतो आणि इलाजही तेथेच करावा लागतो.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. मापक हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवते, आणि समुद्रसपाटीपासून वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. म्हणून दर ३०० मीटरला साधारण अर्धा पीएसआय जास्त ठेवावा लागतो. मुंबईत ही दुरुस्ती शून्य, पुण्यात सुमारे एक पीएसआय आणि परभणीत त्याहून थोडी कमी. तापमानातील चुकीपुढे ती किरकोळ आहे, पण नेमके काम करायचे तर हिशेबात धरावी.

नळीचा तोल

केगमधला १२ पीएसआय दाब टॅपपर्यंत जाताना जवळपास पूर्ण खर्च झाला पाहिजे. तो शिल्लक राहिला, तर बीअर वेगाने आदळते आणि फेसाळते. अपुरा पडला, तर धार संथ होते. दाब खर्च होतो तो दोन ठिकाणी : बीअर वर चढवण्यात आणि नळीच्या घर्षणात.

एक मीटर उंची चढायला सुमारे दीड पीएसआय लागतो. घर्षण नळीच्या आतल्या व्यासावर अवलंबून असते. ६.३ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिक नळीत मीटरमागे सुमारे २.८ पीएसआय खर्च होतो, ४.८ मिलिमीटरच्या नळीत जवळपास १०. समजा, केग काउंटरखाली आहे आणि टॅप त्याच्या एक मीटर वर. १२ मधून दीड वजा केला, तर साडेदहा उरतात. ६.३ मिलिमीटरच्या नळीत ते खर्च व्हायला पावणेचार मीटर लांबी लागते, ४.८ च्या नळीत सुमारे एक मीटर. जास्तीची नळी काउंटरखाली गुंडाळून ठेवतात. ती पसारा वाटून कापून टाकली, तर सगळा तोल बिघडतो. तोल जमला, की अर्धा लिटर ग्लास भरायला साधारण आठ सेकंद लागतात.

केग टॅपपासून बराच लांब, म्हणजे मागच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर नुसता कार्बन डायऑक्साइड पुरत नाही. लांब नळीसाठी दाब वाढवला, तर बीअर जास्तीचा वायू शोषून घेते. तेथे नायट्रोजन मिसळलेला वायू वापरतात. नायट्रोजन बीअरमध्ये फारच कमी विरघळतो, त्यामुळे तो धक्का देतो पण चव बदलत नाही. गिनेस कंपनीने १९५९ मध्ये आपल्या काळ्या स्टाउटसाठी नायट्रोजनचा वापर सुरू केला आणि त्यातून तिचा तो दाट, सायीसारखा फेस आला. हवेचा हातपंप मात्र एखाद्या संध्याकाळच्या समारंभापुरताच ठीक. हवेतील ऑक्सिजन एका दिवसात बीअरची चव उतरवतो.

थंडावा

यंत्रणेचा खरा कस थंडाव्यात लागतो. सर्वांत सोपी रचना म्हणजे केग ठेवायचा फ्रीज आणि त्याच्या डोक्यावर टॅप. नळी छोटी असते आणि बहुतेक फ्रीजमध्येच राहते. तरी टॅपच्या खांबात जाणारा शेवटचा तुकडा बाहेरच्या हवेने तापतो आणि दिवसाचा पहिला ग्लास फेसाळतो. खांबात छोट्या पंख्याने थंड हवा खेळती ठेवली, की हा त्रास मिटतो.

दुसऱ्या रचनेत केग थंड खोलीत असतो आणि नळ्यांचा जुडगा भिंतीतून टॅपपर्यंत जातो. जुडग्यात बीअरच्या नळ्यांशेजारी प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि पाणी यांचे मिश्रण शून्याखाली एक-दोन अंशांना फिरवतात आणि वरून जाड इन्सुलेशन गुंडाळतात. ते एके ठिकाणी उसवले, तरी तेथे बीअर तापते, वायू सुटतो आणि पुढची सगळी नळी फेसाने भरते.

तिसरी रचना बर्फाच्या टाकीची. टाकीतल्या पाण्यात यंत्राने बर्फाचा थर धरतो आणि त्या पाण्यातून जाणाऱ्या स्टीलच्या वेटोळ्यातून बीअर वाहते. केग बाहेर ठेवूनही बीअर गार मिळते, म्हणून ही रचना स्वस्त वाटते. पण केग ३५ अंशांच्या खोलीत असेल, तर वर सांगितलेला हिशेब आडवा येतो. आतला वायू टिकवायला भरमसाट दाब हवा, आणि त्या दाबाला पुरेशी लांब नळी हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही रचना वापरायची, तर केगही थंड खोलीतच ठेवलेला बरा.

केग गार व्हायला वेळ लागतो. १० अंशांना आलेला ५० लिटरचा केग ३.३ अंशांवर यायला थंड खोलीत जवळपास एक दिवस घेतो, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतून आलेला त्याहून जास्त. म्हणून आलेला केग त्याच संध्याकाळी जोडू नये. वीज गेल्यावर तो लगेच तापत नाही, पण पाच-सहा तासांत पाच-सहा अंश चढतो. दुपारभर वीज नसेल, तर संध्याकाळच्या विक्रीची वाट लागते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण थंड खोलीला जनरेटरच लागतो.

ग्लास भरणे

शेवटचे काम टॅपवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातचे. ग्लास स्वच्छ आणि तेलकटपणा नसलेला हवा. तेलाचा अंश असेल, तर फेस टिकत नाही आणि काचेला बुडबुडे चिकटतात. ग्लास गार पाण्याने खळखळून घ्यावा, ४५ अंशांत तिरका धरावा आणि टॅप एका झटक्यात पूर्ण उघडावा. अर्धवट उघडलेल्या टॅपमध्ये अरुंद फटीतून बीअर घुसळली जाते. ग्लास अर्ध्याहून अधिक भरला, की तो सरळ करावा म्हणजे वर फेस धरतो. टॅपचे तोंड बीअरमध्ये बुडू देऊ नये, कारण त्यावर राहिलेल्या बीअरमध्ये जंतू वाढतात.

स्वच्छता

नळीत बीअर असते तोवर यीस्ट, जीवाणू आणि क्षार तिच्या आतल्या बाजूला थर धरत असतात. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस जातीच्या जीवाणूंमुळे आंबट किंवा लोण्यासारखा वास येतो, ॲसेटोबॅक्टरमुळे व्हिनेगरसारखा. कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण थर साचतो. त्याला ‘बीअर स्टोन’ म्हणतात. उष्ण हवेत हे सगळे लवकर होते.

म्हणून दर दोन आठवड्यांनी नळी धुवायची हा जगभर मान्य असलेला नियम आहे. दोन-तीन टक्के कॉस्टिकचे कोमट द्रावण पंपाने पंधरा मिनिटे नळीतून फिरवतात, मग पाणी शुद्ध येईपर्यंत नळी खंगाळतात आणि आम्लता-मापक कागदाने खात्री करून घेतात. दर तीन महिन्यांनी आम्लाचे द्रावण फिरवून बीअर स्टोन काढतात. टॅप आणि कपलर सुटे करून ब्रशने घासतात. कॉस्टिक त्वचा आणि डोळे जाळते, म्हणून हातमोजे आणि चष्मा अनिवार्य. द्रावण भरलेल्या नळीवर ठळक चिठ्ठी लावावी, म्हणजे चुकून ते ग्लासात जाणार नाही.

स्वच्छतेइतकेच वायूच्या गळतीकडेही लक्ष द्यावे लागते. जुनी विहीर उपसायला उतरलेली माणसे आतल्या वायूने गुदमरल्याच्या घटना मराठवाड्याला माहीत आहेत. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि खाली साचतो. वास नसल्यामुळे तो ओळखू येत नाही. थंड खोलीत वायू गळत असेल, तर तेथेही तेच घडू शकते. हवेत चार टक्के वायू असला, तरी जीवाला तातडीचा धोका असतो. अशा खोलीत जमिनीजवळ वायुमापक हवा, दाराशी सूचना हवी आणि भोंगा वाजला की एकट्याने आत जायचे नाही हा नियम हवा.

फेस आणि पाणी

टॅपखालच्या ट्रेमध्ये ओतला जाणारा फेस हा यंत्रणेतला सर्वांत मोठा तोटा. एका केगमागे दहा टक्के बीअर वाया गेली, तर पाच लिटर, म्हणजे दहा ग्लास गेले. ६.३ मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे सुमारे ३१ मिलिलिटर बीअर असते. वीस मीटरच्या नळीत दर धुण्याला सव्वासहाशे मिलिलिटर फेकावी लागते. हे धुणे टाळता येत नाही, पण नळी आखूड ठेवून तोटा कमी करता येतो. तापमान आणि तोल नीट असेल, तर फेसाचा तोटा जवळपास सगळाच वाचतो.

मराठवाड्यात हा तोटा पैशाइतकाच पाण्याचा आहे. चांगल्या कारखान्यातही एक लिटर बीअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. संभाजीनगर परिसरातील उद्योगांना ते मुख्यतः जायकवाडीतून मिळते, आणि त्याच धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यातील शेतीला पाणी देतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगाच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कपात केली होती. लिटरमागे तीन ते पाच लिटरच्या हिशेबाने, परभणीच्या एखाद्या टॅपखाली वाया गेलेली पाच लिटर बीअर म्हणजे जायकवाडीचे पंधरा ते पंचवीस लिटर पाणी.

या सगळ्यासाठी लागणारे ज्ञान जिल्ह्यात आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून अन्नप्रक्रियेचे तंत्रज्ञ घडवत आहे. वायूची विद्राव्यता, शीतकरण, नळीतील प्रवाह आणि यंत्रांची स्वच्छता हे अन्नतंत्राचे मूळ विषय आहेत, आणि दुग्धशाळेपासून फळांच्या रसापर्यंत तेच उपयोगी पडतात. टॅप लावणाऱ्या दुकानदाराने आधी थर्मामीटर घ्यावा, मग दाब ठरवावा, मग त्या दाबाला जुळेल इतकी नळी बसवावी आणि दर पंधरा दिवसांनी ती धुवावी. हा क्रम पाळला, तर मे महिन्यातही केगमधली जवळपास सगळी बीअर ग्लासात उतरते.